एक टकटक म्हणजे उतरा

फाटकावर पाटी आहे ती अंड्यांची.
व्हिसलचा उल्लेख कुठेच नाही.
अकरा वर्षं शाळेची बस घेऊन मी या वळणावरून जाते,
डझनावारी अंडी नेली इथून,
आणि मला पत्ता नव्हता
की खुराड्याला लागून जी पत्र्याची खोली आहे
तिथे फेलिम मॅकटायर्नन पावे घडवतो.

सांगितलं कॅव्हनच्या एका फिडलवाल्याने,
तेही लग्नात, तेही तिसऱ्या ग्लासानंतर,
आणि वर बजावलं, फार बोलू नकोस कुठे,
आधीच चौदा महिन्यांची रांग आहे.

रांग म्हणजे शाळेची वही.
पेन्सिलीने लिहिलेली नावं.
मेलेल्यांच्या नावावरही काट नाही.
'मुलं येतात कधीकधी,' तो म्हणाला,
'बापाचा नंबर मागायला.'

हात अजून प्लंबरचे.
तीस वर्षं लीट्रिमभरच्या न्हाणीघरांत
ओणवा राहिलेला माणूस
पितळेची नळी कापतो ती अशी,
जणू आतून पाणीच जायचंय
आणि थेंब गळला तर रात्री फोन येईल.
तोंडाशी पेअरच्या लाकडाचा गट्टू,
त्याच्या वर श्वासापुरती फट.
बाकी सहा भोकं. 'भोकं काय, कुणीही पाडेल.'

मग फुंकून बघतो.
खालचे सूर स्वतः ऐकतो.
वरच्या सप्तकात शिरला की थांबतो
आणि भिंतीकडे बघतो.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, डिम्फना, लाकडी चमचा.
एक टकटक म्हणजे उतरा: कानस घे, भोक किंचित कोर.
दोन म्हणजे चढा.
काहीच नाही म्हणजे जमलंय, पुढे चल.

'साठीनंतर वरचे सूर गेले माझे,
आधी पाखरं बंद झाली.
मला वाटलं, यंदा आलीच नाहीत.'
हे सांगताना तो कानसेवरचा पितळी भुगा
फुंकरीने उडवत होता.

चढ्याला इलाज नाही.
कोरलेलं परत भरत नाही.
चढा निघालेला पावा बादलीत जातो.
बादली अर्ध्याच्या वर भरलेली.

मी तीन वाजवले. पहिला फारच शहाणा,
दुसऱ्याला माझा दम पुरेना.
तिसरा हातात घेतला आणि
एकोणीस वर्षांत न वाजवलेली एक रील
बोटांना आपसूक सापडली,
मधली चार मापं सोडून. ती मी गिळली.
वरच्या 'बी'वर मुक्काम केला जरा.

फेलिमने भिंतीकडे बघितलं.
भिंत गप्प.
त्याचा चेहरा असा उजळला
की मला खिडकीबाहेर बघवेना,
पण बघितलं होतं आधीच:
डिम्फना खुराड्यापाशी, ओच्यात अंडी,
एका कोंबडीला काहीतरी खडसावत होती.

मी काही बोलले नाही.
नव्वद युरो मोजले. त्याने पाच परत दिले, शकुनाचे.
'यंदाचा सगळ्यात सरळ निघालाय हा,' म्हणाला,
आणि वहीतल्या माझ्या नावापुढे
एक बारीक बरोबरची खूण केली.

घरी सूर तपासायचं यंत्र आहे, भावाचं.
अजून कपाटातून काढलेलं नाही.
वरच्या 'बी'शी आले की श्वास थोडा आवरते,
दार हळू लोटावं तसा.

शनिवारी अंड्यांना गेले.
डिम्फना फाटकाशीच होती. 'आणलायस का? वाजव.'
वाऱ्यात, बसच्या पायरीवर बसून वाजवलं.
श्वास नाही आवरला. तिच्यापुढे कसा आवरणार?

तिने ऐकून घेतलं शेवटपर्यंत.
खोलीतून कानसेचा आवाज येत होता.
मग अंड्यांच्या डब्यावर
बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, अगदी हलकं,
डबा माझ्या मांडीवर ठेवला,
आणि ॲप्रनच्या खिशातून
तेरावं अंडं काढून
माझ्या मुठीत दिलं. गरम होतं अजून.